लांब घंटेनंतरचा अर्धा तास

मी दहावी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. पण बी.ए.चे पेपर मी वीस वर्षं लिहिले. स्वतःचे नाही, दुसऱ्यांचे. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात मोडलाय, ज्याची बोटं वळत नाहीत, त्यानं तोंडानं सांगायचं आणि मी कागदावर उतरवायचं. सरकारी कागदात त्याला लेखनिक म्हणतात, आमच्या कॉलेजात नुसतं रायटर. कायदा असा, की लेखनिक हा परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. जास्त शिकलेला असला तर आपल्या डोक्यातलं घालील अशी भीती. म्हणून दर परीक्षेला प्राचार्य सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचे, की सदर इसम दहावी अनुत्तीर्ण आहे. नापास होण्याची अशी शिफारस दुसऱ्या कुणाला मिळाली असेल असं वाटत नाही.

पगार शिपायाचा होता. पोरं मामा म्हणायची, प्राध्यापकही मामाच म्हणायचे. खोल्या उघडायच्या, पाणी भरायचं, नोटिसा फिरवायच्या आणि घंटा द्यायची. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तासाला आखूड, पेपर संपला की लांब. लांब घंटा अशी द्यायची, की मागच्या बाकावरच्याचीही लेखणी थांबली पाहिजे.

अक्षर मात्र वडिलांकडून आलं. ते निजामाच्या वेळचे उर्दू शिकलेले, कचेरीत नकलनवीस होते. पोलीस ॲक्शननंतर कारभार मराठीत आला आणि त्यांची ती सुंदर लिखावट घरात बसली. तो सगळा राग त्यांनी माझ्या बोटांवर काढला. बोरू, दौत, आणि रोज एक पानभर बाराखडी. गणितात मी तीनदा नापास झालो, पण अक्षर असं, की फळ्यावर सूचना लिहिली तर पोरं सूचना सोडून अक्षरच बघत उभी राहायची.

आता दुपारी बाजेवर पडलो आणि डोळा लागला की निबाची ती खरखर कानाशी येते. पुसट, पानावरून मुंगी चालावी तशी. मग वाटतं, गोदा पलीकडं तांदूळ निवडतेय, बांगडी ताटाला लागतेय. उठून बसतो. ताट फळीवर असतं. मागल्या पौषात गोदा, माझी बायको, गेली. तिच्यावर लिहायला बसलो नव्हतो, पेपरांवर लिहायला बसलो होतो. पण माझ्या पेपरांत ती कुठून शिरली ते सांगायचं तर पेपरापासूनच सुरुवात करावी लागेल.

लेखनिकाचं काम बाहेरून सोपं दिसतं. ऐकायचं आणि लिहायचं. मान हलवायची नाही, हं म्हणायचं नाही, चुकीचं सांगितलं तर चुकीचंच लिहायचं. भुवई वर गेली तरी सुपरवायझर बघतो. एकदा एक क्रिकेट खेळणारा पोरगा आला, हाताला प्लास्टर. अर्थशास्त्राचा पेपर.

"लिहा मामा. महागाई."

लिहिलं. थांबलो.

"वाढली."

लिहिलं.

"अजून वाढली," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. तीन तासांत दीड पान झालं. प्लास्टर सुटल्यावर पुन्हा परीक्षेला बसला, तेव्हा स्वतःच्या हातानं किती लिहिलं ते मी विचारलं नाही. फुलंब्रीचा एक अंध पोरगा होता, त्याचं उलटं. पाचची एस.टी. चुकली तर मुक्काम पडायचा, म्हणून तो असा सांगायचा, की माझ्या मनगटाला कळा यायच्या. दोघांनाही मी तेवढंच दिलं, सांगितलेलं लिहिणं. त्यापलीकडं लेखनिकाजवळ काही नसतं असं मी धरून चाललो होतो.

मग नसीम आली. खुलताबादची. तिच्या वडिलांचं, करीमभाईंचं, तिथं दर्ग्याच्या वाटेवर फुलांचं आणि चादरींचं दुकान. लहानपणी गोवर उतरला तेव्हा तिचे डोळे घेऊन गेला. पण पोरगी अशी ताठ, की पायरी चुकली तर पायरीलाच दोष द्यायची. विषय मानसशास्त्र. बी.ए.चं शेवटचं वर्ष. अंध मुलांच्या शाळेत शिकवायची जागा तिला कबूल झाली होती, पण पदवी झाली तरच. आणि करीमभाईंनी सांगून ठेवलं होतं, की या साली झालं तर ठीक, नाहीतर मावशीच्या घरचं स्थळ पक्कं. त्या घरात शिकवण्याबिकवण्याचं नावही निघणार नव्हतं.

मधल्या सुट्टीत ती लिंबाच्या पारावर बसायची आणि मी तिला पुस्तक वाचून दाखवायचो. तिला अभ्यास, मला सराव. एक धडा होता, माणूस दुसऱ्यांच्या दबावाखाली कसा वागतो त्यावर. अनुरूपता, आज्ञापालन, सामाजिक प्रभाव. शब्द वाचताना माझी जीभ अडखळायची.

"चाचा, अवघड नाय," ती म्हणाली. "समजा पाच-सहा माणसं बसलीत. दोन काठ्या दाखवल्या. एक लांब, एक आखूड, आंधळ्यालाही हातानं कळेल अशी. पहिला म्हणतो आखूड आहे तीच लांब. दुसरा म्हणतो तीच लांब. तिसरा, चौथा तेच. त्यांना आधीच पढवून ठेवलंय. शेवटच्याला काही ठाऊक नाय. तो काय म्हणेल?"

"दिसतंय ते म्हणेल."

"लई जण नाय म्हणत, चाचा. गुमान मान हलवतात."

मला पटेना. संध्याकाळी घरी गेलो ते खराट्याच्या दोन काड्या मोडून घेतल्या, एक लांब, एक आखूड. शेजारची तीन माणसं ओट्यावर बोलावली, पढवून ठेवली. गोदाला चुलीपुढून उठवून आणलं. तिघांनीही आखूड काडीला लांब म्हटलं. मीही म्हटलं.

गोदानं पदराला हात पुसले. एकदा काड्यांकडं बघितलं, एकदा आमच्याकडं.

"चौघं मिळून दवाखान्यात जा," ती म्हणाली. "डोळे तपासून या. आन् खराटा कोणी मोडला?"

शेजारी हसून हसून लोळले. मी नसीमला सांगितलं तर ती म्हणाली, "चाची पुस्तकात पाहिजे होत्या." गोदाला अक्षरओळख नव्हती. पुस्तकात काय असतं ते तिला माझ्याच तोंडून कळायचं.

तो पेपर एप्रिलमध्ये आला. अंध आणि हात मोडलेल्या मुलांसाठी वेगळी खोली असते. त्यात नसीम आणि मी, आणखी दोन मुलं, त्यांचे दोन लेखनिक. अशा मुलांना तीन तासांवर अर्धा तास जादा मिळतो. त्याच्या मंजुरीचं पत्र वरून येतं. ते पत्र त्या साली मीच टपालातून काढलं, मीच ऑफिसात नेऊन दिलं, माझ्या डोळ्यांदेखत फायलीत गेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची वाट मला मोकळी नाही.

शेवटचा प्रश्न होता, माणूस आज्ञा का पाळतो ते सोदाहरण लिहा. नसीम खुशीत आली. सावकाश सांगू लागली. साधा, भला माणूससुद्धा खुर्चीतल्याचा हुकूम आला की आपल्या हातून काय होतंय ते बघत नाही. त्याला वाटतं, जिम्मेदारी हुकूम देणाऱ्याची, आपण नुसते हात. मी लिहीत होतो. निब छान चालत होतं. उन्हाची तिरीप कागदावर आली होती, त्यात धुळीचे कण तरंगत होते, आणि तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. खरं सांगतो, असं सुख त्या कामात फार थोड्या वेळा लागलं. "परंतु," ती म्हणाली. मी परंतु लिहिलं, स्वल्पविराम दिला.

तेवढ्यात लांब घंटा झाली.

माझ्या जागी दुसरा शिपाई होता, पण रूळ तोच, ठोका तोच. आणि माझ्या हातानं पेनाला टोपण लावलं. मी लावलं नाही, हातानं लावलं. इतकी वर्षं त्या आवाजानं मी शेकड्यांनी पोरांच्या लेखण्या थांबवल्या, तशी माझीही थांबली.

सुपरवायझर नवे होते, बाहेरून आलेले. त्यांनी घड्याळ बघितलं. "चला, पेपर द्या."

"सर, मेरा आधा घंटा बाकी है," नसीम म्हणाली.

"मला असं काही कळवलेलं नाही. द्या मामा."

बाजूचे दोन लेखनिक उठले. त्यांच्या मुलांचाही अर्धा तास होता. ते पेपर देऊन उभे राहिले. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, पत्र ऑफिसात आहे, मीच नेऊन दिलंय. वीस पावलांवर ऑफिस. जिभेवर वाक्य तयार होतं. पण साहेब खुर्चीत होते आणि दोघं उठून उभे होते. मीही उठलो आणि पेपर दिला.

नसीम तशीच बसली होती, तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं. "चाचा?" ती म्हणाली.

ती त्या पेपरात थोडक्या मार्कांनी राहिली. न दाखवलेल्या पत्रामुळं राहिली, न लिहिलेल्या पाच ओळींमुळं राहिली, काय म्हणायचं ते म्हणा. निकाल लागला त्या दिवशी घरी येऊन मी गोदाला सगळं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं.

"पत्र तुमीच नेलतं?"

"व्हय."

"मग दिला कशाला कागद?"

"साहेब म्हणाले द्या."

"साहेबानं जेवू नको म्हणलं असतं तर ताट सारलं असतं का?"

"अगं, बाकीचे दोघं पण उठले."

ती उठली, चुलीमागून खराटा आणला, त्यातल्या दोन काड्या मोडून माझ्यापुढं टाकल्या. एक लांब, एक आखूड. दोन दिवस नाही बोलली. तिसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून दारात उभी. "खुलताबादला जाऊ. माफी मागायची."

करीमभाई दुकानात गुलाबाच्या पाकळ्यांवर पाणी मारत होते. त्यांना वाटलं आम्ही दर्ग्यात चाललोय, फुलांची पाटी पुढं केली. नाव सांगितलं तेव्हा उठले, चहा मागवला. माणूस भला. "उसका नसीब, भाई. तुम्ही गरीब माणूस, काय करणार?" म्हणाले. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं. लग्नाची बोलणी दिवाळीनंतर होती.

नसीम आतून आली, गोदाशेजारी बसली. मी हात जोडले, मग ध्यानात आलं की तिला दिसत नाही, म्हणून तोंडानं म्हटलं.

"ते राहू द्या, चाचा. परंतुच्या पुढं काय होतं, विचारलं नाय तुम्ही."

"काय होतं?"

"परंतु, जमलेल्यांतला एक जण जरी नाय म्हणाला, तर बाकीच्यांचाही जीव धीट होतो. मग हुकूम निम्मा होतो." मग म्हणाली, "खोलीत तिघं होता तुम्ही."

पाकळ्यांचा ओला वास, बाहेर कुणीतरी गुणगुणत चाललेलं, आणि मी जोडलेले हात मांडीत घेऊन तिथं बसलेलो. अजून ती दुपार कधी कधी डोळ्यापुढून जाते, अशी सावकाश, जणू पाण्याखालून.

गोदा म्हणाली, "पोरी, पुन्यांदा बस परीक्षेला. ऑक्टोबरात असते म्हणे."

"बसणार. अब्बांकडून तेवढी मुदत मागितलीय. शेवटची."

"मग दुसरा लेखनिक घे," मी म्हटलं. "चांगला पोरगा बघून देतो."

"नाय. तुमचंच पेन पाहिजे. तुमचं अक्षर मला दिसत नाय, पण आवाज ओळखते मी. तो थांबला की कळतं, चाचा विचार करायले. दुसऱ्याचं मला काय कळणार?"

मला इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं, की मी विचार करतो.

ऑक्टोबरचा पेपर. खोली तीच. या वेळी एकच जास्तीचा लेखनिक होता, हात भाजलेल्या एका मुलाचा. पत्राची नक्कल मी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. गोदा डबा घेऊन आली होती. घरी जा म्हटलं तर ऐकेना, खिडकीसमोर लिंबाच्या पारावर बसून राहिली. सुपरवायझर दुसरे होते, पण खुर्ची तीच.

या खेपेला आज्ञापालनाचा प्रश्न आलाच नाही. शेवटचा प्रश्न विसरण्यावर होता, माणूस का विसरतो. नसीम सांगत होती, मी लिहीत होतो. अर्धं झालं आणि लांब घंटा झाली.

टोपण हातात आलं. सवयच ती.

"द्या मामा."

तो दुसरा लेखनिक उठला. मीही अर्धा उठलो. हे कबूल करतो. पाय ताठ झाले, बाक मागं सरकला. खिशात पत्र होतं आणि हात खिशाकडं जाईना. नसीम नुसती ऐकत होती.

माझी नजर खिडकीबाहेर गेली. गोदा पारावर तशीच बसलेली. तिला आतलं ऐकू जात नव्हतं, पण मी अर्धा उभा आहे एवढं दिसत होतं. तिनं हात पुढं केला आणि तळवा खाली दाबला. तापलेल्या तव्यावर भाकरी दाबतात तसा. बसा.

मी बसलो. "नाय साहेब," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "अर्धा तास आहे. हे पत्र."

साहेबांनी पत्र घेतलं, उलटून पाहिलं. "मामा, शिपायानं सुपरवायझरला शिकवायचं?"

"शिकवत नाय साहेब. मी दहावी नापास आहे. पण अर्धा तास आहे."

उठलेला तो लेखनिक माझ्याकडं बघत होता. मग तोही बसला. त्याच्या मुलानं लगेच सांगायला सुरुवात केली. साहेब बराच वेळ उभे राहिले, मग खुर्चीत टेकले. मला नंतर ऑफिसातून मेमो आला, उद्धट वर्तनाबद्दल खुलासा करावा. मी चांगल्या अक्षरात खुलासा केला.

नसीम पास झाली. शाळेत लागली. लग्नही झालं पुढं, तिच्या पसंतीनं, त्याच शाळेतल्या मास्तरशी. तिनं शिकवलेली पोरं आता मोठी झाली. मी रिटायर झालो, ती घंटा विजेची झाली, आणि शहराचं नावही बदललं. परंतुच्या पुढचं ते वाक्य मात्र कुठल्याच पेपरात लिहिलं गेलं नाही.

आता गोदाचं. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

बारा दिवस दवाखान्यात होती. भेटीची वेळ चार ते सहा. सहाला वॉर्डात घंटी व्हायची. नातेवाईक उठायचे, पिशव्या उचलायचे, चपला शोधायचे. मीही उठायचो. अकरा दिवस उठलो. गोदा दाराकडं बघत राहायची, मी जिन्यावरून खाली यायचो, क्रांती चौकापर्यंत पायी जायचो, आणि वाटेत मनात म्हणायचो, नियम आहे, सगळेच उठतात. हे मी. जो लोकांना ऑक्टोबरची गोष्ट सांगत फिरायचा. माणूस शिकतो आणि शिकलेलं त्याच जागी सोडून येतो. अकरा दिवसांचे कमीत कमी अकरा तास मी त्या घंटीला दिले, ते कुणाकडून परत मागू?

बाराव्या दिवशी तिला बोलता येत नव्हतं. घंटी झाली. समोरच्या खाटेजवळचे उठले, बाजूचे उठले. मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि मागं बघितलं.

तिचा हात चादरीबाहेर होता. सुईची पट्टी लावलेला. बोटं जरा वर आली आणि तळवा खाली गेला. दोन इंच असेल. तेवढंच.

मी परत येऊन स्टुलावर बसलो.

"बाबा, वेळ संपली," सिस्टर म्हणाली. पोरगी लहान होती, नसीमच्या त्या वेळच्या वयाची. "उठा. साहेब राउंडला येतील, मला बोलणी बसतील."

"बसू दे मला, बाई," मी म्हटलं. "माझा अर्धा तास आहे."

तिला काही कळलं नाही. पण तिनं माझ्याकडं बघितलं, मग गोदाकडं बघितलं, आणि पडदा ओढून घेतला. तेवढ्यात समोरच्या खाटेजवळची म्हातारी, जी दारापर्यंत गेली होती, पिशवी घेऊन माघारी आली आणि आपल्या मालकाच्या पायाशी बसली.

गोदाचा हात मी धरून ठेवला. बाहेर उजेड उतरत चालला होता. ती झोपेत असल्यासारखी होती, मधेच अंगठा माझ्या मधल्या बोटावर फिरवायची, जिथं पेन धरून घट्टा पडलाय. डॉक्टर आले, बघितलं, मला उठवलं नाही. साडेसहाच्या सुमाराला अंगठा थांबला.